वाटाघाटीच्या टेबलावर संगणक

प्रश्न : २०२१च्या महापुरात आमच्या शाळेचा तळमजला बुडाला. तेव्हापासून नववीच्या वर्गात हवामानबदलाचा विषय निघाला की मुलं विचारतात, ‘बाई, हे देश वर्षानुवर्षं भांडत बसतात, त्यापेक्षा संगणकालाच वाटणी करून द्यायला का नाही सांगत? तो तरी कुणाची बाजू घेणार नाही.’ असं कधी झालंय का?
– एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : बाई, साधारण असं एकदा झालंय आणि त्यात भारतही होता. वाद मात्र समुद्राचा होता.

१९७०च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा परिषदेत खोल समुद्राच्या तळावरच्या, मँगेनीज हा धातू असलेल्या दगडी गोळ्यांवरून गाडं अडलं होतं. ते काढणार श्रीमंत देशांच्या कंपन्या, तळ मात्र साऱ्या मानवजातीचा. मग कंपन्यांनी पैसे किती भरायचे आणि कधी? विकसनशील देशांच्या बाजूने भारताने मागणी केली : खाणीच्या प्रत्येक जागेमागे ६ कोटी डॉलर, तेही आगाऊ. अमेरिका म्हणाली, आगाऊ काहीच नाही. त्याच सुमारास एमआयटी या अमेरिकेतल्या विद्यापीठात अशा खाणीचा जमाखर्च मांडणारं संगणकीय मॉडेल तयार झालं होतं. सिंगापूरचे टॉमी कोह पैशांच्या प्रश्नावरच्या गटाचे अध्यक्ष होते. त्या वाटाघाटीत हे मॉडेल वापरलं गेलं.

आकडे घालून पाहिल्यावर दिसलं की खाणीतून पहिली कमाई व्हायच्या कितीतरी वर्षं आधी एवढी रक्कम अडकली, तर कुठलीच कंपनी खाणकामाला हात घालणार नाही. मग गरीब देशांच्या पदरातही काही पडणार नाही. भारताने फेरविचार केला. पण त्याच मॉडेलने अमेरिकेलाही दाखवलं की थोडी रक्कम आगाऊ भरणं कंपन्यांना परवडतं. तोवर अमेरिकी प्रतिनिधींची माहिती बरीचशी कंपन्यांकडूनच येत होती. तेही आपल्या जागेवरून हलले. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की कुणालाच समोरच्यापुढे नमतं घ्यावं लागलं नाही. दोघांनी हिशेब मानला. १९८२मध्ये करार झाला. अमेरिका मात्र आजही त्यात सामील नाही, हेही मुलांना जरूर सांगा.

हवामानासाठी असं काम करणारं मॉडेल म्हणजे सी-रोड्स. एमआयटी आणि क्लायमेट इंटरअॅक्टिव्ह ही ना-नफा संस्था यांचं. हरितगृह वायूंचं उत्सर्जन कुठल्या साली वाढायचं थांबेल, कुठल्या सालापासून घटेल आणि दरवर्षी किती टक्क्यांनी, हे प्रत्येक देशासाठी किंवा देशांच्या गटासाठी भरायचं. शतकाअखेरची तापमानवाढ लगेच समोर येते. २००९च्या कोपनहेगन हवामान परिषदेत नेते तापमानवाढ २ अंशांवर रोखण्याची भाषा करत होते, तेव्हा त्यांच्याच आश्वासनांची बेरीज या मॉडेलने सुमारे ४ अंशांवर नेऊन दाखवली.

पण ‘बाजू घेणार नाही’ हे मुलांचं म्हणणं मला मान्य नाही. उत्सर्जन मोजायला सुरुवात १८५०पासून करायची की १९९०पासून? देशागणिक की माणशी? माणशी धरलं, तर भारताचं उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी भरतं. सुरुवातीचं साल ठरवलं की अर्धी वाटणी तिथेच झालेली असते, आणि ते साल माणूस ठरवतो. म्हणून मॉडेल कुणी बनवलं आणि त्यात काय धरलंय, हे सगळ्यांना उघडून पाहता आलं पाहिजे. त्याविना भारताच्या प्रतिनिधींनी कुठल्याही यंत्राचा निवाडा मान्य करू नये, असं माझं ठाम मत आहे.

तरीही एका कामासाठी मला यंत्र हवंच आहे. हवामानबदलावरच्या पॅरिस कराराचा फेब्रुवारी २०१५मधला मसुदा ८६ पानांचा होता. ज्यावर एकमत नाही, ते सारं चौकटी कंसांत. एका वेळी अनेक दालनांत चर्चा चालते. दोन-तीन प्रतिनिधी पाठवणाऱ्या बेटावरच्या छोट्या देशाने कुठे कुठे बसायचं? कुठल्या कंसावर कोण अडलंय, हे शोधून देणारी साधनं अशा देशांना फुकट मिळायला हवीत.

वर्गात या वाटाघाटीचा खेळ जरूर घ्या : मुलं देशांच्या भूमिकेत, हिशेब मॉडेलचा. सी-रोड्स इंटरनेटवर मोफत आहे. पुण्यात महाविद्यालयातल्या मुलांकडून मी तो करून घेतो. श्रीमंत देशांना खुर्च्या, टेबल आणि खाऊ. गरीब देश जमिनीवर. पहिल्या फेरीचे आकडे भरले की समुद्र किती चढला ते सांगायचं आणि जमिनीवरच्या मुलांवर निळी ताडपत्री टाकायची. खरी वाटाघाट त्यानंतर सुरू होते : टेबलावरची मुलं उठून खाली येतात, पैसे किती देणार, जंगलतोड कधी थांबवणार यावर घासाघीस होते. तुमच्या मुलांनी तर पाणी पाहिलंय. त्यांना टेबलावर बसवा आणि श्रीमंत देशांच्या वतीने बोलायला लावा. समोरच्याची अडचण काय असते, ते त्यांना तिथून कळेल. दोन तासिका सलग मिळाल्या तरच घ्या, एकीत भागत नाही.