फार्मासिस्टने डॉक्टरांना कन्सल्टिंग सर्व्हिस द्यायची असेल तर सुरुवात कुठून करायची?

‘क्लिनिकल फार्मसी सेवा’ असं मोठं नाव घेऊन जाऊ नका, एकच छोटं काम घेऊन जा, म्हणजे पाचपेक्षा जास्त गोळ्या चालू असलेल्या वयस्कर पेशंटचा औषध-रिव्ह्यू. कारण सरळ आहे, हार्टवाले एक लिहून देतात, हाडवाले दुसरं, शुगरवाले तिसरं, आणि सगळं एकत्र बघायला ओपीडीत वेळ कोणाला असतो? वॉरफरिन (रक्त पातळ करणारं) चालू असताना गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक (ज्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो), क्लोपिडोग्रेलसोबत (रक्ताच्या गुठळ्या रोखणारं) ओमेप्राझोल (ॲसिडिटीची गोळी, जी त्याचा परिणाम कमी करते), ईजीएफआर (किडनी किती काम करते याचा आकडा) ३० च्या खाली गेला तरी शुगरची मेटफॉर्मिन सुरूच, असल्या गोष्टी काउंटरवर तुम्हालाच आधी दिसतात. पेशंटचं नाव काढून अशा दोन-तीन केस एका पानावर मांडा, प्रत्येकीत अडचण आणि पर्याय एवढंच, आणि ओपीडी संपल्यावर दहा मिनिटं मागा. चुका काढायला आलाय असं वाटलं की विषय संपला, म्हणून बोलताना "सर, हे एकदा बघाल का" हाच सूर ठेवा. पहिला महिना फ्री करा, मग पर केस फी बोला. हॉस्पिटलला एनएबीएच (दर्जाची मान्यता) हवं असेल तर अजून सोपं, त्यात औषध व्यवस्थापनाचं वेगळं प्रकरणच आहे आणि ते कागद करायला माणूस लागतोच. इन्सुलिन पेन, इनहेलर शिकवणं पण जोडता येतं.

फक्त कमिशन किंवा ‘पेशंट माझ्या दुकानात पाठवा’ असलं काही त्यात घुसवू नका, २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांत डॉक्टरांना रेफरलवर कमिशन घ्यायला बंदी आहे, आणि प्रिस्क्रिप्शन बदलायचा निर्णय त्यांचाच, तुम्ही फक्त सुचवायचं.