भिंतीवरची औजारं आणि बेंचवरचं काम

मागच्या अंकात घरच्या कार्यशाळांचे फोटो मागवले होते. गॅलरीतल्या, गच्चीवरच्या, पार्किंगच्या कोपऱ्यातल्या कार्यशाळा आल्या, एक तर चक्क जिन्याखालची आहे. फोटोंसोबत प्रश्नही आले. त्यातले निवडक इथे घेतले आहेत. फोटो पाहताना एक गोष्ट लगेच जाणवते : भिंती देखण्या आहेत, बेंच मात्र बहुतेक ठिकाणी हलके आणि डुगडुगते. म्हणून आधी बेंच.

प्रश्न : कंपनीतून निघणाऱ्या पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन लाकूड स्वस्तात मिळतं. त्याचा बेंच टिकेल का? उंची किती ठेवावी? (पिंपरी)

टिकेल, पण आधी फळीवरचा ठसा वाचा. निर्यातीच्या पॅकिंगवर गव्हाच्या ओंबीच्या चित्रासह एक शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ असेल तर ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलेलं असतं, ते घ्या. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. ते घरात नको. शिक्काच नाही आणि वर रसायनाचे डाग आहेत, अशा फळीला हात लावू नका.

करवत लावण्यापूर्वी प्रत्येक फळीवरून चुंबक फिरवा. मोडून आत राहिलेला एक खिळा करवतीचे चार दात नेतो. पायांसाठी फळ्या एकमेकींना चिकटवून ७५ × ७५ मिमीचे चौरस तयार करा. वरचा पाट मात्र पाइनचा करू नका, त्यावर खड्डे पडतात. १८ मिमी प्लायचे दोन थर एकमेकांवर चिकटवा, खालच्या बाजूने दर १५० मिमीवर स्क्रू घाला आणि गोंद वाळला की स्क्रू काढून टाका. पाठीमागे दोन पायांच्या मधे १२ मिमी प्लायचा एक पूर्ण तुकडा मारला की डावी-उजवी डुगडुग थांबते. त्याला पर्याय नाही. नुसते कोन मारून भागत नाही.

रंधा मारायचा बेंच मनगटाच्या रेषेइतका उंच हवा. सरळ उभं राहून हात खाली सोडा आणि मोजा. बारीक जोडणी किंवा सोल्डरिंगसाठी तो १० ते १५ सेंमी उंच लागतो, म्हणून वर ठेवायला वेगळा छोटा पाट करा. फरशीवर बेंच सरकतो तो वजन कमी म्हणून. पायाखाली रबर लावा आणि खालच्या फळीवर कडप्प्याचे तुकडे ठेवा. दोन बाय दोन फुटांचा, २५ मिमी जाडीचा कडप्पा साधारण २५ किलो भरतो. असे दोन बसवले की बेंच जागचा हलत नाही.

प्रश्न : नव्या फ्लॅटमध्ये औजारांची भिंत करायची आहे. भोकांचा हार्डबोर्ड लावला होता, तो पावसाळ्यात फुगून वाकला. (ठाणे)

३ मिमीचा हार्डबोर्ड वाकणारच. १ मिमीचा छिद्रांचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा मागे २० मिमीच्या पट्ट्या देऊन लावला तर हलक्या औजारांना पुरतो. जड औजारांसाठी उतरत्या पट्ट्यांची पद्धत उत्तम. १८ मिमी बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणाऱ्या) प्लायची २०० मिमी रुंद पट्टी घ्या, पातं ४५ अंशांवर झुकवून मधोमध लांबीने चिरा. एक अर्धी भिंतीला, दुसरी औजाराच्या खोक्याला. भिंतीवरच्या पट्टीचा उतार भिंतीच्या दिशेने खाली यायला हवा, म्हणजे वरून टांगलेलं खोकं स्वतःच्या वजनानेच भिंतीला चिकटतं. उतार उलटा झाला की खोकं घसरून पायावर येतं.

भिंत कशाची आहे यावर पुढचं सगळं अवलंबून. हलक्या राखाडी एएसी ब्लॉकची असेल तर ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, नाहीतर भोक मोठं होतं आणि गिट्टी, म्हणजे स्क्रू धरणारी भोकातली खुंटी, फिरत राहते. तिथे ८ × ८० मिमीचे लांब नायलॉन फिशर (तशाच खुंट्या) वापरा, दर ४०० मिमीवर. मिवान पद्धतीच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, काँक्रीट भिंतीत साधं ड्रिल तासभर घासत बसतं. तिथे रोटरी हॅमरच लागतो. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडू नका, पाइप बहुधा तिथूनच गेलेला असतो.

पावसाची झड खाणारी बाहेरची भिंत या कामाला घेऊ नका. आणि पटाश्या चुंबकाच्या पट्टीवर लावणं फोटोत कितीही छान दिसो, पोलादात चुंबकत्व उतरतं आणि धार लावताना निघालेला लोखंडी चुरा पात्याला चिकटून राहतो. खाच पाडलेली लाकडी पट्टी बरी. धारदार काहीही डोक्याच्या उंचीवर नको.

प्रश्न : जूनपासून गणपतीपर्यंत प्रत्येक औजारावर गंज. खोबरेल तेल लावतो, तरी फरक नाही. (रत्नागिरी)

हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या पोलादावर गंज झपाट्याने धरतो. किनाऱ्यावर हवेत मीठ असतं आणि ते स्वतः ओल ओढतं, म्हणून तुमच्याकडे त्याहून आधीच सुरुवात होते. हाताचा घामही तसाच खारट. काम संपल्यावर पातं कोरड्या फडक्याने पुसलं नाही तर दुसऱ्या दिवशी बोटांचे ठसे गंजात उमटतात.

खोबरेल वाईट नाही. ते सुकून चिकट होत नाही. जवस किंवा करडईचं तेल मात्र कधीच नको, त्याचा डिंकासारखा थर बसतो. पण खोबरेलाचा पातळ थर चार दिवसांत पुसला जातो. रोजच्या वापराला शिलाई मशीनचं तेल पुरे. रंध्याच्या तळाला आणि मशिनच्या टेबलाला तेलाऐवजी मेण लावा, कारण तेल लाकडात उतरतं आणि पुढे पॉलिश धरत नाही. वजनाने १ भाग मधमाशांचं मेण गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवा, गॅस पूर्ण बंद करून मगच त्यात ३ भाग टर्पेंटाइन ढवळा. विस्तव चालू असताना टर्पेंटाइन उघडू नका. पावसाळाभर न लागणाऱ्या औजारांना पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा.

उरलेलं काम पेटीचं. झाकण घट्ट बसणारी पत्र्याची ट्रंक घ्या, आत अर्धा किलो सिलिका जेल. नारिंगी रंगाचं मागा, ते ओलं झालं की हिरवं होतं. निळ्या जातीत विषारी कोबाल्ट क्लोराइड असतं. हिरवं झालेलं जेल ११०–१२० अंशांवर दोनेक तास तापवलं की पुन्हा वापरता येतं. ते भांडं परत स्वयंपाकात नको. औजारं वर्तमानपत्रात किंवा चामड्याच्या म्यानात गुंडाळून ठेवू नका. दोन्ही ओल धरतात, आणि चामड्यात कमावण्याची रसायनंही असतात.

आधीच चढलेल्या गंजासाठी १ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्व. लाकडी मूठ काढून औजार बुडवा आणि दर तासाने पितळी ब्रशने घासून पाहा. दोन-तीन तासांत बहुतेक गंज सुटतो. करवतीचं पातं किंवा स्प्रिंग रात्रभर ठेवू नका. आम्लातला हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि पातं वाकवताच मोडतं. जस्ताचा मुलामा असलेले नटबोल्टही त्यात टाकू नका, मुलामा जातो. बाहेर काढल्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात खंगाळा, लगेच हेअर ड्रायरने वाळवा आणि गरम असतानाच तेल लावा. इथे थोडी जरी ढिलाई केली तर डोळ्यांदेखत नारिंगी थर येतो.

फारच गंजलेल्या जड वस्तूसाठी विजेची पद्धत : लिटरमागे एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा चार्जर, औजाराला ऋण टोक आणि भंगार लोखंडाला धन टोक. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. सोड्याऐवजी मीठ घातलं तर क्लोरीन निघतो. टब उघड्यावर ठेवा, हायड्रोजन साठता कामा नये.

प्रश्न : पटाशीची धार केस भादरते, पण सागात दोन सांधे कोरले की बोथट. पोलाद हलकं असेल का? (नाशिक)

असू शकेल, पण आधी बाकीची कारणं तपासा. सागात सिलिका असते आणि ती कोणत्याही पात्याला खाते. त्यात धारेचा कोन २५ अंशच ठेवला असेल तर हातोडीच्या ठोक्याखाली टोक दुमडतं. मूळ उतार २५ अंशांचा राहू द्या, धारेवर ३० अंशांची बारीक दुय्यम कड द्या. बाजूने पकडणाऱ्या साध्या होनिंग गाइडमध्ये (धार लावताना पात्याचा कोन कायम ठेवणारी चाकाची पकड) पटाशी ४० मिमी बाहेर काढली की २५ अंश मिळतात, ३० मिमी काढली की ३०. रंध्याच्या पात्याला हेच आकडे ५० आणि ३८ मिमी. बेंचवर या अंतरांचे लाकडी ठोकळे ठोकून ठेवा, दर वेळी पट्टी शोधायला नको.

दुसरं कारण ग्राइंडर. टोक निळं झालं म्हणजे पोलाद ३०० अंशांच्या आसपास गेलं आणि त्याचं पाणी उतरलं. निळा रंग घासून काढल्याने कडकपणा परत येत नाही. तेवढा भाग पूर्ण खाऊन मागे यावं लागतं. शंका असेल तर धारेलगत बारीक कानस हलकेच चालवा. घसरली तर पोलाद कडक, धरली तर मऊ.

तिसरं, न मोडलेली कंगोरी, म्हणजे घासताना धारेच्या मागे वळून येणारी पोलादाची बारीक कड. १० मिमी जाड काचेवर ४००, १०००, २००० नंबरचे वॉटर पेपर चिकटवा. पाठीचे फक्त पुढचे २५ मिमी सपाट करा, पूर्ण पाठ घासत बसू नका. उताराची बाजू घासताना पाठीवर टोकापासून टोकापर्यंत कंगोरी हाताला लागेपर्यंत थांबा, मगच पुढचा नंबर. शेवटी पाठ आणि उतार आलटून पालटून दोन-दोन हलके हात. कंगोरी तशीच राहिली तर पहिली धार अप्रतिम लागते आणि पहिल्याच सांध्यात तुटते. तुमचं वर्णन वाचून संशय हिच्यावरच जास्त आहे.

प्रश्न : ४ इंची अँगल ग्राइंडरला लाकडाचं दातेरी पातं लावून प्लाय कापला तर चालतं ना? सुतार तसंच करतात. (पुणे)

नाही. ते यंत्र मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतं, तळाला टेकवायची पट्टी नसते, आणि दातेरी पातं बसवायला गार्ड काढावा लागतो. दात अडकला की ग्राइंडर हातातून उडून मांडीकडे किंवा गळ्याकडे येतो. मार्बल कटर त्यामानाने बरा : तळपट्टी आणि अर्धा गार्ड तरी असतो. ११० मिमीचं, २० मिमी भोकाचं, ४० दात्यांचं टीसीटी (टंगस्टन कार्बाइडच्या दातांचं) पातं घ्या आणि पात्यावर छापलेली कमाल गती यंत्राच्या गतीपेक्षा जास्त आहे ना ते पाहा. चीर मिटून पातं धरणार नाही अशा बेताने शीटखाली चार पट्ट्या द्या. मार्बल कटरची पाण्याची नळी लाकडावर जोडू नका. वारंवार काम असेल तर १८५ मिमीची सर्क्युलर सॉ घ्या, ती निम्म्या गतीने चालते.

मास्क एन-९५ चाच. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत, घातली आहे.

प्रश्न : जुना लेथ घ्यायचा आहे, मोटर १ एचपी तीन फेजची. घरात सिंगल फेज. काय तपासू? (इचलकरंजी)

बेडची, म्हणजे ज्या रुळांवर बाकीचे भाग सरकतात त्यांची, झीज आधी. चकजवळ (काम पकडणाऱ्या जबड्यांजवळ) कॅरेज, म्हणजे हत्यार वाहणारा सरकता भाग, आणा, तिचा लॉक हाताला जेमतेम अडेल इतका आवळा आणि टेलस्टॉककडे (दुसऱ्या टोकाच्या आधाराकडे) सरकवा. पुढे जाऊन घट्ट झाली तर चकजवळचा बेड खाल्ला गेला आहे, आणि ते ग्राइंड करून घेण्याचा खर्च लेथच्या किमतीला भिडतो. स्पिंडलमध्ये ३०० मिमीची सळई धरून डायल गेज लावा आणि हाताने वर-खाली रेटा. काटा हलला तर बेअरिंग झिजलेलं. क्रॉस स्लाइडच्या हँडलचा थोडा रिकामा फेरा चालतो, त्यावरून घासाघीस तेवढी करा.

मोटर बदलू नका. सिंगल फेज घेऊन २३० व्होल्टचे तीन फेज देणारा व्हीएफडी लावा, गतीही बदलता येते. आपल्याकडच्या लहान मोटरी ४१५ व्होल्टला स्टारमध्ये (तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एकत्र) जोडलेल्या असतात. व्हीएफडीवर त्या डेल्टामध्ये (तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात) जोडाव्या लागतात. टर्मिनल बॉक्समध्ये सहा तारा असतील तर पट्ट्या फिरवून पाच मिनिटांचं काम. तीनच असतील तर स्टारचा सांधा वाइंडिंगच्या आत असतो आणि तो वाइंडरकडूनच बाहेर काढून घ्यावा लागतो. डेल्टात करंट नेमप्लेटच्या १.७३ पट होतो : १.८ अँपिअरचे ३.१. व्हीएफडी त्या आकड्याने निवडा.

दिव्याकडेही लक्ष द्या. स्वस्त एलईडी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. तीन जबड्यांचा चक २००० आरपीएमवर असला की सेकंदाला नेमके १०० जबडे समोरून जातात आणि चक थांबल्यासारखा दिसतो. चार जबड्यांचा १५०० वर. लेथवर चांगल्या ड्रायव्हरचा, न लुकलुकणारा दिवा हवा. लेथ वरच्या मजल्यावर नेणार असाल तर घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो भाराच्या हिशेबाने बांधलेला असतो हे ध्यानात ठेवा आणि तो तुळईलगत ठेवा.

प्रश्न : गावाहून आजोबांचा लाकडी रंधा आणला. इथे हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं आणि त्याच्या गालाला चीर पडली. (न्यू जर्सी)

कोरड्या गरम हवेत लाकूड रुंदीत आकसतं, लोखंडी पातं तेवढंच राहतं. पातं गालांना घट्ट भिडलेलं असेल तर चीर ठरलेलीच. पाचर सैल करून पातं बाहेर काढा आणि हीटरच्या झोताजवळ न ठेवता पूर्ण एक हिवाळा रंध्याच्या लाकडी खोक्याला तिथली हवा लागू द्या. चीर पुढे सरकत नाही असं दिसलं की पातळ गोंद आत ओढून क्लँप करा. मग पात्याच्या दोन्ही कडा अर्धा-अर्धा मिमी घासा. तळ सपाट करायचा तो पातं आणि पाचर कामाइतकी घट्ट बसवून, फक्त धार आत ओढून. पाचरीच्या ताणाने तळ किंचित वाकतो, म्हणून ती काढून सपाट केलेला तळ पातं बसवल्यावर पुन्हा वाकडा निघतो. काम नसेल तेव्हा पाचर सैलच ठेवा.