एक तिकीट कमी

*ताई, डिसेंबरअखेर आम्ही कोकणात जायचं ठरवलं आहे. गणपतीपुळे, मालवण, आठ दिवस. पाच तिकिटं झाली, हॉटेलचे पैसेही भरले. पण मागच्या आठवड्यात टीव्हीवर एका शहीद जवानाची बायको दाखवली. मांडीवर तिरंग्याची घडी होती आणि ती त्या घडीवरची सुरकुती हाताने सारखी करत होती. तेव्हापासून मला घास उतरत नाही. अशात आपण समुद्रावर मौज करायची हे मनाला पटत नाही. ट्रिप रद्द करावी आणि पैसे सैनिकांच्या निधीत द्यावेत असं वाटतं. हे म्हणतात, त्याने कुणाचा जवान परत येणार आहे? सासूबाई तर दोन दिवस बोलत नाहीत. (मोठी तशीही येणार नव्हती. फर्स्ट इयरला आहे, भोपाळला पाच दिवसांचा कुठलासा इंटरव्ह्यू आहे तिचा.) माझं चुकतंय का?*
*– अस्वस्थ, सुदामा नगर, इंदूर*

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा ट्रिपसाठी, दुसऱ्यांदा कंसासाठी.

ट्रिपचं आधी उरकून टाकू. जा. पैसे द्यायचेत ना, मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन ध्वजदिन निधीत भरा आणि पावती घ्या. ७ डिसेंबरचा हा ध्वजदिन १९४९ पासून पाळतात, शाळेत आपण सगळ्यांनीच तो कागदी झेंडा छातीला टाचला आहे. त्या पैशातून जवानांच्या विधवांना आणि मुलांना मदत जाते. एवढ्यासाठी सासूबाईंचा समुद्र कशाला बुडवता?

आता कंस.

अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला कुणी पाच दिवस भोपाळला ठेवून घेतं आणि तुम्ही त्याला 'कुठलासा इंटरव्ह्यू' म्हणता? अहो, इंदुरात राहता तुम्ही. महूची लष्करी छावणी इथून पंचवीस किलोमीटरही नाही. इथे भाजीवालीलासुद्धा ठाऊक असतं की भोपाळचे पाच दिवस म्हणजे एसएसबी, सैन्यातले अधिकारी निवडणारी मुलाखत. माझा अंदाज चुकला असेल तर हे उत्तर रद्दीत घाला. पण तो चुकलेला नाही, आणि हे तुम्हालाही माहीत आहे.

म्हणजे पोरगी एनडीएची, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, लेखी परीक्षा पास झाली आहे. मुलींना ही परीक्षा देता येते ती २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने दार उघडायला लावल्यापासून. २०२२ मध्ये पहिल्या मुली खडकवासल्याला गेल्या आणि ३० मे २०२५ ला सतरा जणी तिथून पास होऊन बाहेर पडल्या. तुमच्या घरात हे सगळं एकीला तोंडपाठ आहे, आणि ती रोज सकाळी तुमच्यासमोर बसून पोह्यांवर शेव घालून घेते.

जवानांच्या बातम्या तुम्ही याआधी पाहिल्या नाहीत का? पाहिल्या असणार, हळहळला असाल आणि नंतर जेवलाही असाल. यंदाच घास अडकला. त्या बाईच्या मांडीवरची घडी तुम्हाला आपल्या मांडीवर दिसली, दुसरं काय! यात लाजण्यासारखं काही नाही, आईला भीती वाटणारच. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ही भीती तुम्ही देशभरच्या जवानांच्या घरांवर वाटून टाकलीत, आणि जिच्यापायी ती वाटते तिला कंसात बसवलंत. ट्रिप रद्द झाली की पुण्य पदरात पडतं आणि त्या विषयावर बोलावंही लागत नाही. तुमच्या यजमानांना तरी हे पाच दिवस कसले ते ठाऊक आहे का, कोण जाणे. पत्रावरून तरी त्यांचं सगळं लक्ष हॉटेलच्या पैशात दिसतं.

माझं माहेर महूचं. आमच्या शेजारी एका सुभेदाराची आई राहायची. ती रोज रात्री दोन पोळ्या जास्त लाटायची आणि सकाळी त्या गाईला घालायची. विचारलं तर म्हणायची, "सुट्टी मिळाली की तो काय सांगून येतो?" एकदा माझ्या आईशी बोलताना म्हणाली, "जाऊ नकोस म्हटलं होतं मी त्याला. तोंडावर म्हटलं, रडले, भांडले. मग लाडू बांधून दिले." भीती आणि लाडू, पोराला दोन्ही मिळालं होतं. तुमच्या लेकीला यातलं काय मिळालं आहे?

भोपाळला काय चालतं तेही ऐका. पहिल्याच दिवशी एक चित्र तीस सेकंद दाखवतात आणि चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायला लावतात. निम्म्याहून अधिक मुलं त्याच संध्याकाळी बॅग उचलून परत निघतात. उरलेल्यांच्या छातीवर नवा नंबर चढतो. मग मानसशास्त्राच्या चाचण्या असतात, मैदानात फळ्या आणि दोर घेऊन अडथळे पार करायचे असतात, मुलाखत असते. त्या चाचण्यांमध्ये शेवटी एक कोरा कागद मिळतो. पंधरा मिनिटांत त्यावर स्वतःविषयी लिहायचं, आणि त्यातला पहिलाच प्रश्न असतो: तुमच्या आईवडिलांचं तुमच्याविषयी काय मत आहे?

काय लिहील हो ती?

एसएसबी देणारी मुलं या उत्तराची घोकंपट्टी करतात, तीही करेल. 'आईला मी जबाबदार वाटते, बाबांना माझा अभिमान आहे.' पण तपासणारे रोज असे गठ्ठे वाचतात, त्यांना घोकलेलं ओळखू येतं. खरं लिहायचं तर तिच्याकडे आहे काय? आईने अजून काही म्हटलेलंच नाही.

तुम्ही तिला हो म्हणा असं मी सांगत नाही. तो हक्क तुमचा आहे, आणि निवड झाली तर कागदही तुमच्यासमोर येईलच. एनडीएत पाऊल ठेवण्याआधी आईवडिलांपैकी एकाला सही करावी लागते: प्रशिक्षणात इजा झाली, मृत्यू आला, तरी सरकारकडे नुकसानभरपाई मागणार नाही. तेव्हा पेन हातात घ्या, नाहीतर फेकून द्या. पण त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडू नका.

तुमच्यासाठी काम एकच. आज रात्री भांडी आवरली की तिच्या खोलीत जा, दार लावून घ्या आणि टीव्हीवरच्या त्या बाईबद्दल मला जे लिहिलंत ते तिला सांगा. ती सुरकुती, तो न उतरणारा घास, सगळं. रडू आलं तर रडा. "मला भीती वाटते" एवढंच म्हणता आलं तरी चालेल. माझ्याजवळ ते कागदावर आणायला तुम्हाला दीड पान लागलं आणि शेवटी राहिलंच. त्यानंतर ती काय बोलते ते मधे न तोडता ऐका.

आणि निघायच्या दिवशी सरवटे स्टँडवर सोडायला तुम्ही जा, धाकट्याला स्कूटर देऊन पाठवू नका. भोपाळला डिसेंबरात पहाटे चांगलाच गारठा असतो आणि मैदानावर तिला अर्ध्या चड्डीत पळायचं आहे. पांढरे कॅनव्हासचे बूट लागतात तिथे. घेतलेत का, विचारा.