दोनदा पैसे मोजले, तरी नोटीस आली

प्रश्न : मी साताऱ्याजवळच्या एका सोसायटीत राहतो. एका जुन्या मराठी चित्रपटाची व्हीसीडी मी २००८ साली २८ रुपयांना घेतली होती. प्लेअर बिघडला, म्हणून २०२१ मध्ये तोच चित्रपट एका ऑनलाइन दुकानातून घेतला. तिथे ‘भाड्याने’ १२० रुपये आणि ‘खरेदी’ ४९० रुपये असे दोन पर्याय होते. मी खरेदीचा निवडला. चौदा महिन्यांपूर्वी चित्रपट माझ्या खात्यातून नाहीसा झाला. हक्कधारकाशी असलेला करार संपला, एवढेच दुकानाने कळवले आणि पैसे परत दिले नाहीत. गेल्या गणेशोत्सवात पुतण्याने टेलिग्रामवरून उतरवलेली प्रत पेनड्राइव्हवर आणून दिली आणि आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये पडदा लावून ती सत्तर-ऐंशी जणांना फुकट दाखवली. त्याची चित्रफीत कोणीतरी फेसबुकवर टाकली. आता एका कंपनीच्या वकिलांची मला व सोसायटीच्या अध्यक्षांना नोटीस आली आहे : पंधरा दिवसांत दोन लाख रुपये भरा, अन्यथा गुन्हा नोंदवू. एकाच चित्रपटाचे दोनदा पैसे देऊनही मी चोर कसा? पैसे भरावेत का? पुतण्या स्पर्धा परीक्षांची तयारी करतो आहे, त्याच्यावर काही बालंट येईल का?

उत्तर : महोदय, नोटिशीसोबत आपण व्हीसीडीच्या वेष्टनाचे छायाचित्र आणि ४९० रुपयांच्या बिलाची प्रत पाठवलीत, हे फार बरे केले, या दोन कागदांवाचून मला मोघम उत्तर द्यावे लागले असते. पहिली गोष्ट अशी की, दोन लाख रुपये सध्या भरू नयेत आणि नोटीस कपाटात ठेवून विसरूही नये. दुसरी गोष्ट कदाचित आपल्याला आवडणार नाही. ‘मी दोनदा पैसे दिले’ हे वाक्य नोटिशीच्या उत्तराच्या पहिल्या ओळीत यावे असे आपल्याला वाटत असणार, पण तिथे ते उपयोगाचे नाही. ते वाक्य दुकानाविरुद्ध वापरायचे आहे.

२८ रुपयांत आपण काय घेतले होते, ते आधी पाहू. त्या काळात मोझर बेअर कंपनीने चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणल्या. पदपथावर मिळणाऱ्या चोरट्या तबकडीइतकीच अस्सल तबकडी स्वस्त केली तर गिऱ्हाईक चोरीकडे कशाला वळेल, असा त्यामागचा सरळ हिशेब होता. त्या २८ रुपयांत दोन तबकड्या आपल्या मालकीच्या झाल्या. त्या कोणी परत मागू शकत नाही आणि कोणाचा कोणाशी करार संपला म्हणून त्या कपाटातून नाहीशाही होत नाहीत. मात्र कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १४ प्रमाणे चित्रपटाच्या प्रती काढण्याचा, त्या विकण्याचा किंवा व्यावसायिक भाड्याने देण्याचा आणि तो लोकांपर्यंत पोहोचवण्याचा हक्क हक्कधारकाकडेच राहतो. तबकडी घरी पाहणे, नातेवाइकाला पाहायला देणे हे आपले. पार्किंगमध्ये पडदा लावून ती दाखवणे मात्र अस्सल तबकडी लावली असती तरीही आपल्या अधिकारात नव्हते.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. या साऱ्या प्रकरणात घरी चित्रपट पाहण्याचा सर्वांत स्वस्त आणि निर्धोक मार्ग आपल्या कपाटातच होता. बिघडला होता तो प्लेअर, तबकडी नव्हे. संगणकाला जोडता येणारा डीव्हीडी ड्राइव्ह व्हीसीडी वाचतो. स्वतःच्या अस्सल तबकडीवरून फक्त घरच्या वापरासाठी एक प्रत संगणकावर ठेवली असती, तर कलम ५२(१)(ए) मधील खासगी वापरासाठीच्या उचित व्यवहाराचा बचाव आपल्याला घेता आला असता. २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्या तरतुदीत संगणक प्रणाली वगळता सर्व प्रकारच्या कलाकृती येतात. डीव्हीडीबाबत मी इतके मोकळेपणाने लिहिणार नाही, कारण तिच्यावर बहुधा तांत्रिक कुलूप असते आणि हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणे कलम ६५ए खाली दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र आहे. व्हीसीडीला मुळात कुलूपच नसते.

आता ४९० रुपयांकडे वळू. आपले बिल मी नीट वाचले. मूळ किंमत ४१५ रुपये २५ पैसे, त्यावर अठरा टक्के जीएसटी ७४ रुपये ७५ पैसे, आणि वर्णनाच्या रकान्यात ‘डिजिटल कंटेंट, लायसन्स’ असे शब्द. म्हणजे पडद्यावरच्या बटणाने आपल्याला ‘खरेदी’ सांगितली आणि बिलाने ‘परवाना’. वस्तू आपल्या हाती आलीच नव्हती. दुकानाच्या संगणकावरचा चित्रपट दुकानाचा हक्क टिकेल तोवर पाहण्याची मुभा तेवढी मिळाली होती. भाड्याच्या १२० रुपयांशी तुलना केली तर आपण चौपटीहून अधिक मोजले, ते कायम टिकेल या समजुतीनेच. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२५ पासून अशा दुकानांवर बंधन घातले आहे की, प्रत्यक्षात परवाना विकत असताना तसे स्पष्ट न सांगता ‘खरेदी’ हा शब्द वापरता येणार नाही. आपल्याकडे इतक्या नेमक्या शब्दांतला कायदा नसला तरी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अशा वेळी पुरेसा कामी येतो. ऑनलाइन व्यवहार करणाराही त्या कायद्याखाली ग्राहक असतो, आणि सेवेचे दिशाभूल करणारे वर्णन ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

या बाबतीत आपण प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. पुष्कळदा दुकाने तेवढ्यानेच पैसे परत करतात. तसे न झाल्यास सातारा येथील जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करता येईल. तक्रारदार राहतो त्या ठिकाणी तक्रार करण्याची सोय कायद्यात आहे, मोजलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. आपले चौदा महिने गेले आहेत, तेव्हा आता चालढकल नको. दुकानाच्या अटींमध्ये वाद लवादाकडेच नेण्याचे कलम असले तरी त्यामुळे ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. तक्रारीची मांडणी ‘सेवेतील त्रुटी व अनुचित व्यापारी प्रथा’ अशी करावी. ‘अनुचित करार’ असा मुद्दा मुख्य केल्यास प्रकरण राज्य आयोगाकडे जाईल आणि ४९० रुपयांसाठी लांबच्या खेपा घालाव्या लागतील. ४९० रुपये, त्यावर थोडे व्याज आणि तक्रारीच्या खर्चापोटी काही रक्कम, याहून मोठी अपेक्षा मात्र ठेवू नये.

पेनड्राइव्हवरच्या प्रतीचे काय, हा प्रश्न उरतो. दुकानाने आपल्याला फसवले असे गृहीत धरले, तरी ते देणे दुकानाचे आहे. त्यामुळे तिसऱ्याच माणसाने चोरून चढवलेली प्रत आपल्यासाठी अस्सल होत नाही. धान्याच्या दुकानदाराने वजनात मारले म्हणून बाजार समितीच्या गोदामातून पोते उचलता येत नाही, तसेच हे. प्रत उतरवून घेणे म्हणजे प्रत तयार करणे, आणि तो हक्क कलम १४ मध्ये राखून ठेवलेला आहे. निव्वळ पाहणाऱ्यांची बाब वेगळी. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ‘ढिशूम’ या चित्रपटाच्या प्रकरणात, चोरटी प्रत नुसती पाहणे हा गुन्हा नसून तिचे वितरण, सार्वजनिक प्रदर्शन, परवानगीविना विक्री किंवा भाड्याने देणे यांत गुन्हा आहे, असे नमूद केले होते. पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसलेल्या सत्तर-ऐंशी जणांनी म्हणूनच निर्धास्त राहावे. प्रत देणारे आणि पडदा लावणारे त्या रांगेत बसत नाहीत.

‘गणेशोत्सव होता, तिकीट नव्हते’ हे आपण पत्रात दोनदा लिहिले आहे. कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभांसाठी सवलत आहे हे खरे, आणि मंडळांचे कार्यकर्ते ती हक्काने सांगतातही; परंतु तिचे शब्द वाचले तर ती साहित्यकृती, नाट्यकृती, संगीतकृती आणि ध्वनिमुद्रण यांपुरती आहे. चित्रपटाचा तीत उल्लेखच नाही. आरतीची ध्वनिफीत लावणे आणि चित्रपट दाखवणे या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोसायटीतील अनेक कुटुंबांना एकत्र दाखवणे हे ‘लोकांपर्यंत पोहोचवणे’ या व्याख्येबाहेर राहील, असेही मला वाटत नाही. तिकीट नव्हते या मुद्द्याचा उपयोग मात्र आहे, आणि तो नोटिशीतील धमक्यांचे वजन कमी करण्यासाठी.

नोटिशीत तीन कायद्यांची नावे आहेत. सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ मध्ये घातलेले कलम ६ एबी हे चोरटी प्रत नफ्यासाठी लोकांना दाखवण्याविषयी आहे. त्याखालचा किमान दंड तीन लाख रुपये असल्याने तो आकडा ठळक अक्षरांत छापला आहे, पण आपण कोणाकडून पैसा घेतलेला नसल्यामुळे ते कलम लागू करणे त्यांना अवघड जाईल. वर्गणीच्या पावत्यांवर ‘चित्रपट’ असा वेगळा रकाना नव्हता ना, एवढे खजिनदारांकडून पाहून घ्यावे. दुसरा उल्लेख महाराष्ट्राच्या १९८१ च्या स्थानबद्धता (म्हणजे खटल्याविना कैदेत ठेवण्याच्या) कायद्याचा, ज्याला बोलीत झोपडपट्टीदादा कायदा म्हणतात. त्यात ‘व्हिडिओ पायरेट्स’चा समावेश २००९ पासून आहे, परंतु तो सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका ठरणाऱ्या इसमांसाठी आहे आणि स्थानबद्धतेचा आदेश प्रशासन काढते, खासगी कंपनी नव्हे. पार्किंगमधल्या एका रात्रीसाठी तो काढला जाईल, ही भीती मनातून काढून टाकावी. गंभीरपणे घ्यायचे आहे ते कॉपीराइट कायद्याचे कलम ६३ : सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. त्याच्या परंतुकानुसार, म्हणजे कलमाला जोडलेल्या अपवादानुसार, हक्कभंग व्यापारी लाभासाठी झालेला नसेल, तर न्यायालय पुरेशी व विशेष कारणे नोंदवून याहून कमी शिक्षा देऊ शकते, आणि तिकीट नसल्याचा खरा फायदा तिथे आहे.

आता नोटिशीतील दोन लाखांचा आकडा पुन्हा पाहा. तो कलम ६३ मधील कमाल दंडाचा आकडा आहे. दंड न्यायालय ठोठावते आणि तो सरकारजमा होतो. कंपनीला तो स्वतःच्या खात्यात मागता येत नाही. कंपनीला मिळू शकते ती दिवाणी नुकसानभरपाई, आणि त्यासाठी नुकसान सिद्ध करावे लागते. एका सोसायटीतील एका फुकट खेळाने दोन लाखांचे नुकसान कसे झाले, हे सांगणे त्यांच्या वकिलांना सोपे जाणार नाही.

शिवाय कंपनी खरोखर हक्कधारक आहे का? आपल्या व्हीसीडीच्या वेष्टनावर कलम ५२ए प्रमाणे हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रतिमा छापलेली आहे. प्रमाणपत्र १९८१ चे आहे. चित्रपट त्याच वर्षी प्रदर्शित झाला असेल, तर साठ वर्षांची मुदत २०४१ अखेरपर्यंत चालते, म्हणजे हक्क संपलेला नाही. मात्र वेष्टनावरचे नाव नोटीस पाठवणाऱ्या कंपनीचे नाही. मधल्या काळात हक्क विकले गेले असतील, जुन्या मराठी चित्रपटांचे हक्क अनेकदा हात बदलतात. पण हस्तांतराचे लेख दाखवण्याची जबाबदारी मागणाऱ्याची आहे. २८ रुपयांच्या वेष्टनाचा असा उपयोग होईल, असे आपल्याला २००८ मध्ये वाटले नसेल.

उत्तर मुदतीत, वकिलामार्फत आणि ‘आमच्या हक्कांस व बचावास बाधा न येता’ या शब्दांनी सुरू करून द्यावे. त्यात हस्तांतराचे लेख आणि वकीलपत्राची प्रत मागावी, प्रदर्शन विनामूल्य होते हे लिहावे, पुढे असे प्रदर्शन करणार नाही असे हमीपत्र देण्याची तयारी दाखवावी, आणि हक्क सिद्ध झाल्यास एका खेळाच्या परवान्याला जेवढे शुल्क पडले असते त्याच्या आसपास रक्कम देऊन विषय संपवण्याचा प्रस्ताव ठेवावा. रक्कम दिलीच, तर ‘कोणतीही दिवाणी वा फौजदारी मागणी शिल्लक नाही’ असा लेख सही-शिक्क्यानिशी घेतल्यावाचून देऊ नये. त्यांच्या वकिलांशी फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर बोलणे टाळावे. फेसबुकवरची चित्रफीत ज्याने टाकली त्याला काढायला सांगावे, पण आधी तिची छायाप्रत घ्यावी. पेनड्राइव्ह पुन्हा वापरू नये, कोणाला देऊ नये आणि नोटीस आल्यानंतर तो फेकूनही देऊ नये. पुरावा नष्ट केल्याचा नवा आरोप ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

घाई करण्याचे कारण असे की, कलम ६३ खालील गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे (म्हणजे पोलीस वॉरंटाविना अटक करू शकतात आणि जामीन हक्काने मिळत नाही), असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२२ रोजी दिला. गुन्हा नोंदला गेलाच, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो आणि अशा वस्तुस्थितीत तो मिळायला हरकत नसावी. परंतु गुन्हा नोंदवल्यानंतर तडजोड झाली, तरी तो रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते, आणि तो खर्च नोटिशीतल्या रकमेच्या बरोबरीने जाऊ शकतो. अध्यक्षांनाही हे दाखवावे; आपली बाजू एकत्र मांडावी, एकमेकांकडे बोट दाखवू नये.

पुतण्याबद्दल. वकिलाच्या नोटिशीने कोणाच्याही नावावर गुन्हा लागत नाही, आणि या नोटिशीत त्याचे नावही नाही. नियुक्तीपूर्वीच्या चारित्र्य पडताळणीत पोलीस ठाण्यातील नोंदी पाहिल्या जातात. तिथे नोंद होण्याआधी हे मिटले, तर त्याने अर्जात लिहावे असे काही उरत नाही. उत्तरात त्याचे नाव आपणहून घालू नये. उद्या पोलिसांनी प्रत कोणी आणली असे विचारले, तर खोटे नाव सांगू नये; त्याआधी आपल्या वकिलाला फोन करावा. टेलिग्रामवरचा तो चॅनेल मात्र त्याने आजच सोडावा, आणि तिथून कोणाला काही पाठवले असेल तर ते नोटिशीचे उत्तर जाण्यापूर्वी आपल्या वकिलाच्या कानावर घालावे.