ट्रॉफी मिळाली नाही म्हणून फुटबॉल क्लबने मॅनेजरला (म्हणजे मुख्य प्रशिक्षकाला) काढावं का?

नुसत्या ट्रॉफीवरून? नाही. ॲलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर 1986 मध्ये मॅनेजर म्हणून इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेडला आले, पहिली ट्रॉफी मिळाली 1990 च्या एफए कपची, म्हणजे इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेची. त्याच कपात जानेवारीत नॉटिंगहॅम फॉरेस्टला मार्क रॉबिन्सच्या एकुलत्या एका गोलवर हरवलं, तेव्हा तर त्यांच्या हकालपट्टीच्या गप्पा जोरात होत्या.

उलट लंडनचा टॉटनहॅम क्लब बघा. मे 2025 मध्ये मॅनेजर पोस्टेकोग्लूंनी युरोपा लीग ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धा जिंकून दिली, 17 वर्षांनी पहिली ट्रॉफी, आणि पंधरवडा उलटतो न उलटतो तोच हातात नारळ! मला तरी ते पटलं. देशातल्या प्रीमियर लीगमध्ये मात्र 38 पैकी 22 सामने हरून संघ सतरावा आला होता. पण याच क्लबने 2021 मध्ये तेव्हाचे मॅनेजर मोरिन्यो यांना लीग कप या इंग्लंडमधल्या दुसऱ्या बाद स्पर्धेच्या फायनलआधी सहा दिवस काढलं, ते कोडं मला अजून सुटलेलं नाही.