गुपचूप पावडर नको, आधी ओपीडी : व्यसनाविषयी वाचकांचे प्रश्न

माझे मिस्टर रोज रात्री एक क्वार्टर घेतात, रविवारी दोन. गणपतीत त्यांनी एकदम बंद केली, तर दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, घाम सुटला, रात्रभर झोप नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. सासूबाई म्हणतात, चहात मिसळायची पावडर मिळते, माणसाला कळतही नाही आणि दारू सुटते. देऊ का?
– एक वाचक, लालबाग

नका देऊ. असल्या पुड्यांत नेमकं काय आहे ते कुठेच लिहिलेलं नसतं. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असेल आणि वर मिस्टरांनी घोट घेतला, तर दारू शरीरात अर्धवटच मोडते. दहा ते तीस मिनिटांत चेहरा लाल, उलट्या, छातीत धडधड, आणि बीपी एकदम खाली. हृदयाचं दुखणं असलेल्या माणसाचा यात जीवही जाऊ शकतो. डॉक्टरसुद्धा हे औषध देतात, पण पेशंटला सगळं सांगून, त्याच्या संमतीने आणि शेवटच्या पेगनंतर किमान बारा तास गेल्यावरच. शेवटच्या गोळीनंतरही असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ज्याला माहीतच नाही, तो सावध कसा राहणार?

आता थरथरीचं. ४२.८ टक्क्यांची १८० मिलीची क्वार्टर म्हणजे सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. रोज इतकी गुंगी मिळणारा मेंदू ती झेलण्यासाठी स्वतःला जास्त तापवून ठेवतो. दारू अचानक थांबली की गुंगी जाते, मेंदूचं तापलेपण तसंच राहतं. थरथर, घाम, मळमळ साधारण ६ ते २४ तासांत सुरू होते. झटके यायचे तर बहुतेक पहिल्या ४८ तासांत येतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भास होतात, माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो. हा टप्पा जीवघेणा आहे. म्हणून रोज पिणाऱ्याला ‘मनाची ताकद दाखव, आजपासून बंद’ म्हणून घरी बसवू नये.

त्यांनी बंद करायची तयारी दाखवली आहे, ही मोठी गोष्ट. ती वाया घालवू नका. केईएम तुम्हाला जवळ. नायर, सायन, कूपर, जे.जे. इथेही मानसोपचार विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा आणि रोज किती, किती वर्षं, आधी कधी फिट आली होती का, हे कमी न करता सांगा. थरथर आवरणाऱ्या गोळ्यांचा डोस त्यावर ठरतो. तो रोज थोडा थोडा कमी करत साधारण आठवड्यात बंद होतो. या गोळ्या शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर आणू नका, त्यावर दारू घेतली तर श्वास मंदावतो.

एक चूक फार होते. अशक्तपणा आला म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावून घेतात. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात बी-१ म्हणजे थायमिन बहुधा फार कमी झालेलं असतं. ते न देता ग्लुकोज चढवलं तर चाल अडखळू शकते, डोळे नीट फिरेनासे होऊ शकतात, माणूस बावचळू शकतो. आधी थायमिन, मग ग्लुकोज, हा क्रम मोकळेपणाने विचारा.

झटका आला तर १०८. तोपर्यंत कुशीवर वळवा, आजूबाजूचं सामान सरकवा. तोंडात चमचा नको, नाकाशी कांदा नको, चप्पल तर नकोच.

मुलगा २१ वर्षांचा. दोन-दोन रात्री जागतो, मग अख्खा दिवस झोपतो. वजन उतरलं, पैसे पुरत नाहीत, मित्र आपल्यावर पाळत ठेवतात म्हणतो. केमिस्टकडून किट आणून लघवी तपासली, निगेटिव्ह आली. मग चिंता नाही ना?
– एक आई, घाटकोपर

किटवर जाऊ नका. साध्या पट्टीवर एमडी, म्हणजे मेफेड्रोन हे उत्तेजक ड्रग, बहुधा दिसत नाही. तुम्ही लिहिता तसं जागरण आणि मग कोसळल्यासारखी झोप, उडालेली भूक, संशय, शिवाय जबडा आवळणं, दात खाणं, मोठ्या झालेल्या बाहुल्या असं सगळं एकत्र असेल तर एमडीची शंका रास्त आहे. एखादंच लक्षण परीक्षेचं असू शकतं, प्रेमभंगाचं किंवा एखाद्या मानसिक आजाराचंही. ते डॉक्टरच ठरवतील. गर्दची, म्हणजे ब्राउन शुगरची, खूण उलटी: बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी, बोलता बोलता डुलकी, खिशात जळलेली पन्नी. माल नाही मिळाला की जांभया, गळणारं नाक, जुलाब, अंगावर काटा.

बोलायचं तर तो झोपून उठल्यावर, एकट्याशी. ‘तू नशेडी झालास’ म्हणालात की दार बंद. ‘मंगळवारी आणि बुधवारी तू झोपला नाहीस, चार किलो कमी झालास, मला भीती वाटते’ हे त्याला खोडता येत नाही. नशा उतरताना येणारी उदासी खोल असते. जगावंसं वाटत नाही का, असं सरळ विचारा. विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते शिरत नाही. हो म्हणाला तर एकटा सोडू नका, त्याच दिवशी कॅज्युअल्टी गाठा.

तो यायला तयार नसेल तर तुम्ही एकट्या जा. ओपीडीत घरच्यांचंही ऐकून घेतात, पुढे काय करायचं तेही सांगतात. टेलिमानस १४४१६ आणि व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ यांवर फोन केला तरी चालतो. हातात रोख देणं थांबवा. फी कॉलेजात भरा, जेवण घरात.

आणि ‘गाडी पाठवतो, मुलाला उचलून नेतो’ म्हणणाऱ्या केंद्रांपासून लांब राहा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनही येतं. मनाविरुद्ध भरती करायची तर डॉक्टरांची स्वतंत्र तपासणी लागते, आणि पहिली मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची. साखळीने बांधायला पूर्ण बंदी. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ कोण आणि कितीदा येतात, भेटायला कधी देतात, हे विचारा. ‘तीन महिने भेटायचं नाही’ हे उत्तर आलं की उठा.

मित्र गर्द ओढायचा. दोन महिने केंद्रात राहून परत आलाय, पुन्हा हात वळतोय. सरकारी दवाखान्यात नेलं तर पोलीस लागतील का?
– एक वाचक, कुर्ला

उपचार मागायला आलेल्याला डॉक्टर पोलिसांत देत नाहीत. पेशंटची माहिती गुप्त ठेवणं त्यांना कायद्यानेच बंधनकारक आहे. अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ तर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने सरकारी वा पालिकेच्या रुग्णालयात स्वतःहून उपचार घेतले तर खटल्यातून सूट देतं. उपचार अर्धवट टाकले तर सूट जाऊ शकते, आणि ती फक्त व्यसनी माणसासाठी आहे. १९३३ हा अमली पदार्थांविषयीचा हेल्पलाइन नंबर तस्करीची खबर देण्यासाठीही आहे, वरच्या १४४४६ शी गल्लत नको.

खरी भीती वेगळी आहे. दोन महिन्यांत त्याची सवय तुटली आहे. आधीचाच डोस आता श्वास थांबवू शकतो. हे त्याला तोंडावर सांगा. ओठ निळे, घरघर, हलवूनही जाग नाही, असं दिसलं तर १०८ आणि कुशीवर वळवणं. रुग्णालयातल्या नॅलोक्सोनने, म्हणजे गर्दचा असर उतरवणाऱ्या औषधाने, तो उठून बसेल आणि घरी जातो म्हणेल. जाऊ देऊ नका. ते औषध अर्ध्या ते दीड तासात ओसरतं, आणि गर्द अजून अंगात असू शकते.

डॉक्टरांना ब्युप्रेनॉर्फिनविषयी विचारा. जिभेखाली ठेवायची गोळी, तलफ आणि अंगदुखी दोन्ही दाबते. नशा उतरल्यावरचा त्रास सुरू झाल्यावरच पहिली गोळी द्यायची असते. आधी घेतली तर तोच त्रास एकदम उसळतो. ‘एक सोडून दुसरी नशा’ असं म्हणणारे बरेच भेटतील. रोज मोजून मिळणारी गोळी घेऊन कामावर जाणारा माणूस आणि पन्नी शोधत फिरणारा माणूस एकच कसा?

आजी ७०ची, दिवसातून पाच-सहा वेळा मिश्री लावते. हे व्यसनच का?
– एक वाचक, भांडुप

हो. भाजली तरी तंबाखूच ती. उठल्याबरोबर अर्ध्या तासात लागत असेल तर पकड घट्ट आहे. १८००-११-२३५६ वर मोफत सल्ला मिळतो. निकोटिन गम कवळीला चिकटतो, म्हणून पर्याय डॉक्टरांना विचारा. त्याआधी आजीचं तोंड उजेडात बघा: पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा तोंडात तीन बोटं उभी मावत नसतील, तर नायर दंत महाविद्यालयात याच आठवड्यात दाखवा.