पहिलं ॲप आईच्या मापांच्या वहीचं कर

प्रश्न : मी बार्शीत बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सहा महिन्यांपासून यूट्यूबवर बघून फ्लटर हे ॲप बनवायचं साधन शिकतेय. टु-डू लिस्ट, हवामानाचं ॲप आणि चॅट ॲप अशी तीन ॲप सुरू केली. व्हिडिओ चालू असतो तोवर जमतं, बंद केला की स्वतःहून एक स्क्रीनही सुचत नाही. प्लेसमेंटसाठी आता फूड डिलिव्हरीचं ॲप करावं असं डोक्यात आहे. मैत्रीण म्हणते फ्लटरच ठेव, कॉलेजचे सर म्हणतात अँड्रॉइड ॲपची कोटलिन भाषा शिक. पुण्यातला एक क्लास सत्तर हजार मागतोय. आई घरी शिलाईकाम करते, माझी फी त्यातूनच निघते. लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे, एम्युलेटर (ॲप चालवून बघायचा स्क्रीनवरचा नकली फोन) लावला की अडकतो. काय करू?

उत्तर : फूड डिलिव्हरीचं ॲप सध्या बाजूला ठेव. त्यात गिऱ्हाइकाचं ॲप वेगळं, हॉटेलचं वेगळं, पार्सल पोचवणाऱ्याचं वेगळं, शिवाय सर्व्हर, पेमेंट आणि नकाशा. एकटीने हात घातलास तर लॉगिनची स्क्रीन आणि पदार्थांच्या फोटोंची यादी होईल आणि काम तिथेच अडेल. असे अर्धे प्रकल्प मुलांच्या बायोडेटात मला सारखे दिसतात. मुलाखतीत ‘हे वापरतं कोण?’ असं विचारलं की त्यांना उत्तर देता येत नाही.

तुला ते देता येईल, कारण वापरणारं माणूस घरातच आहे. आईकडे मापांची वही असणार. नाव, फोन, उंची, छाती, कंबर, मुंढा, बाही, पुढचा-मागचा गळा, अस्तर हवं की नको, द्यायची तारीख, ॲडव्हान्स किती, बाकी किती. ही वही तुझ्या ॲपचा आराखडाच आहे. पहिल्या आवृत्तीत तीन स्क्रीन पुरेत : गिऱ्हाइकांची यादी, एका गिऱ्हाइकाची मापं आणि या आठवड्यात काय काय द्यायचंय. लॉगिन नको, इंटरनेट नको. सगळी माहिती फोनमध्येच एसक्यूलाइट नावाच्या छोट्या डेटाबेसमध्ये राहू दे. फ्लटरमध्ये त्यासाठी एसक्यूफ्लाइट नावाचं पॅकेज, म्हणजे तयार कोड, आहे. कोड लिहिण्याआधी एक दुपार आईजवळ बस आणि ती वहीत काय आणि कधी लिहिते, परत पान कधी उघडते, एवढंच बघ.

भाषेचा वाद लांबवू नकोस. कोटलिनला गुगलने अँड्रॉइडसाठी अधिकृत मान्यता २०१७ मध्ये दिली, फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती २०१८ च्या डिसेंबरात आली. दोन्ही टिकलेली आहेत, सर चुकीचं सांगत नाहीत. पण तुझे सहा महिने फ्लटर आणि त्याच्या डार्ट भाषेत गेलेत, आणि अर्ध्यात गाडी बदलली की मुलं पुन्हा पहिल्या व्हिडिओवर जाऊन बसतात. हे एक ॲप फ्लटरमध्ये पुरं कर. स्क्रीनवरची माहिती बदलली की स्क्रीन कशी बदलते, डेटाबेसच्या उत्तराची वाट बघताना काय दाखवायचं, ॲप बंद होऊन उघडलं की काय उरतं, हे एकदा कळलं की कोटलिनमध्ये तेच प्रश्न फक्त वेगळ्या शब्दांत भेटतात.

व्हिडिओ बंद झाला की सुचत नाही, याचं कारण माझ्या मते असं : व्हिडिओतल्या माणसाने चुका आधीच काढून टाकलेल्या असतात. तुझ्या वाट्याला सरळ रस्ता येतो, आणि शिकणं असतं ते ॲप मोडतं तिथे. आईच्या हातात ॲप गेलं की ते कसं मोडेल, ते थोडं आधीच सांगतो.

आई मराठी कीबोर्ड वापरत असेल तर ती छातीचं माप मराठी आकड्यांत टाकेल. डार्टची पार्स करण्याची, म्हणजे मजकुरातून संख्या काढण्याची, सोय फक्त इंग्रजी आकडे ओळखते, म्हणून फॉरमॅट एक्सेप्शन नावाचा एरर येईल आणि माप सेव्हच होणार नाही. मराठी आकडे आधी इंग्रजीत बदलून घेणारं छोटं फंक्शन तुला लिहावं लागेल. मग ती साडेचौदा टाकेल आणि तू तिथे पूर्णांक धरलेला असेल. तारखेचंही तसंच. दिवस-महिना-वर्ष अशी मजकूर म्हणून साठवलीस तर ०२-१२-२०२५ ही तारीख २८-११-२०२५ च्या वर येऊन बसेल, कारण मजकुराची तुलना पहिल्या अक्षरापासून होते. वर्ष-महिना-दिवस अशी साठव आणि दाखवताना आईच्या सवयीप्रमाणे दाखव.

यापुढचा अडथळा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. महिनाभराने आई म्हणेल, ‘बाहीचा घेर लिहायला जागाच नाही.’ तू टेबलात एक कॉलम वाढवशील, ॲप चालवशील, आणि ‘नो सच कॉलम’ असा एरर येईल. कारण टेबल बनवणारं ऑनक्रिएट हे फंक्शन डेटाबेस पहिल्यांदा तयार होतानाच चालतं. शिकणारी मुलं इथे ॲप काढून टाकतात आणि परत टाकतात, एरर जातो. तुला तसं करता येणार नाही, कारण ॲपबरोबर आईने भरलेली सगळी मापं जातील. मग डेटाबेसचा व्हर्जन नंबर वाढवणं आणि तो वाढला की चालणाऱ्या ऑनअपग्रेड फंक्शनमध्ये ऑल्टर टेबल ही जुन्या टेबलात कॉलम वाढवणारी आज्ञा लिहिणं तुला शिकावंच लागेल. कंपनीत हेच काम हजारो लोकांच्या माहितीवर करतात. खरी माहिती अडकलेली असल्याशिवाय ते शिकायची कोणावर वेळच येत नाही, आणि वर्गात मी कितीही समजावलं तरी ते तितकं भिनत नाही.

आईची वही मात्र पहिले दोन-तीन महिने सोबत चालू राहू दे. ऐन लग्नसराईत फोन बिघडला आणि मापं गेली, असं तिच्या बाबतीत व्हायला नको. कोड गिटहब या कोड साठवायच्या साइटवर ठेव, रोज थोडं थोडं कमिट कर, म्हणजे केलेला बदल नोंदव, पण स्क्रीनशॉट काढताना खोटी नावं आणि खोटी मापं भर. बायकांचे फोन नंबर आणि मापं हा त्यांचा खासगी मामला आहे, त्यांनी विश्वासाने आईला दिलाय. एआयची मदत घ्यायला हरकत नाही, मात्र आधी एरर स्वतः वाचायचा आणि काय झालं असेल ते स्वतःच्या वहीत एका ओळीत लिहायचं, मगच विचारायचं. सगळी स्क्रीन त्याच्याकडून लिहून घेतलीस तर व्हिडिओच्या वेळी होती तीच अडचण पुन्हा येईल.

प्ले स्टोअरची घाई नको. तिथे नोंदणीचे एकदाच २५ डॉलर लागतात, आणि नव्या वैयक्तिक खात्याला आधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. आईच्या फोनवर एपीके, म्हणजे ॲपची फाइल, थेट टाकता येते. गल्लीतल्या आणखी दोन शिवणाऱ्या बायकांनी मागितलं, की स्टोअरचा विचार कर. आयफोनचं तर आत्ता विसरच, त्यासाठी मॅक लागतो.

एम्युलेटर लावूच नकोस. ॲप चालवून बघायला स्वतःचा फोन केबलने जोड. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा बोट टेकवलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, तिथे यूएसबी डिबगिंग चालू कर. लॅपटॉपचा भार बराच हलका होईल.

क्लासला सत्तर हजार आत्ता देऊ नकोस. आईचे किती ब्लाउज त्यात जातात याचा हिशेब तुलाच माझ्यापेक्षा चांगला मांडता येईल. फ्लटरची अधिकृत माहिती आणि सरावाचे धडे फुकट आहेत. हे ॲप आई रोज वापरायला लागल्यावरही कुठे अडतेस असं वाटलं, तर नेमकं कुठे ते लिहून काढ आणि क्लासवाल्यांना विचार की एवढंच शिकवाल का. खर्च करायचाच तर रॅम वाढवण्यावर कर. फक्त आधी दुकानात लॅपटॉपचं मॉडेल दाखवून विचार, कारण काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली असते आणि वाढवता येत नाही.